कारकीर्द आणि कारकर्दगी

भाषांतर करताना सोपे शब्दच जास्त वेळ खातात. ऑस्ट्रेलियाची तरुण मध्यरक्षक कायरा कूनी-क्रॉस हिच्यावरचा एक इंग्रजी लेख मराठीत आणताना मी ‘करिअर’पाशी अडले. ‘कारकीर्द’ हाताशी होताच. पण तो आपल्याकडे मुळात राजाच्या अमदानीचा शब्द. इथे लखनौत त्याचं भावंड कानावर पडतं, ‘कारकर्दगी’. दोन्ही फारसीतून आलेले. उर्दूत मात्र त्याचा अर्थ करून दाखवलेलं काम, कामगिरी. एका शब्दाला गादी आहे, दुसऱ्याला नाही.

कायराचा जन्म २००२ चा. २००८ मध्ये ऑस्ट्रेलियात महिलांची राष्ट्रीय लीग सुरू झाली, तेव्हा ती ६ वर्षांची होती. २०२१ च्या लीगच्या अंतिम सामन्यात जादा वेळ संपता संपता तिने मारलेला कॉर्नर थेट जाळ्यात गेला आणि मेलबर्न व्हिक्टरी जिंकली. मग स्वीडनचा हामार्बी, २०२३ मध्ये लंडनचा आर्सेनल. त्याच वर्षी विश्वचषकात ऑस्ट्रेलिया चौथा आला. पायातली कला तिची स्वतःची. पण प्रत्येक वेळी पाऊल टाकायच्या आधी पुढची पायरी बांधून तयार होती.

हे वाचताना मला माझंच शहर आठवत राहिलं. भारतीय महिला फुटबॉलची पहिली राष्ट्रीय संघटना १९७५ मध्ये लखनौतच स्थापन झाली. अध्यक्षस्थानी होत्या इथल्या बेगम हमीदा हबीबुल्ला. त्या संघटनेच्या काळात भारतीय मुली आशियाई स्पर्धेत दोनदा उपविजेत्या ठरल्या, १९८० मध्ये कोझिकोडला आणि १९८३ मध्ये बँकॉकला. १९८३ मध्येच शांती मलिक यांना अर्जुन पुरस्कार मिळाला, फुटबॉलमध्ये एखाद्या स्त्रीला मिळालेला पहिला. दुसरा मिळायला २०१७ उजाडलं.

तो मिळाला मणिपूरच्या ओइनाम बेंबेम देवींना. त्याही मध्यरक्षक. १९९५ पासून दोन दशकं त्या भारताकडून खेळल्या. परदेशी क्लबची, मालदीवच्या न्यू रेडियंटची, जर्सी अंगावर चढली तेव्हा त्या ३४ वर्षांच्या होत्या. २०१६ च्या सुरुवातीला त्यांनी देशासाठी खेळणं थांबवलं आणि त्याच वर्षाच्या अखेरीस भारतात महिलांची राष्ट्रीय लीग सुरू झाली. कायरा ६, बेंबेम ३६. दोघींच्या खेळाची तुलना मी करणार नाही, तो माझा प्रांत नाही. पण या दोन आकड्यांमध्ये जे अंतर आहे, त्याला गुणवत्ता म्हणता येत नाही. तरीही आपल्याकडे हरलेल्या मुलींना ‘कमी पडल्या’ असंच म्हटलं जातं.

लेखात कायरासाठी मी ‘कारकीर्द’ ठेवला. बेंबेम देवींबद्दल लिहायचं झालं तर? वीस वर्षांचं काम डोळ्यांपुढे आहे. पण रोजचा सामना, पगार, करार यांच्या आधाराने जी सलग वाट होते, ती त्यांना उमेदीच्या वर्षांत मिळाली नाही. मला तिथे लखनौचाच शब्द सुचतो.

५ जुलै २०२५ ला च्यांग माईत भारताने थायलंडला २-१ असं हरवलं आणि पात्रता फेरी जिंकून प्रथमच आशियाई स्पर्धेत जागा मिळवली, तीही ऑस्ट्रेलियात होणाऱ्या. दोन्ही गोल संगीता बासफोरचे, आणि तीही मधल्या फळीतली. तिच्याबद्दल ‘कारकीर्द’ लिहिताना मला एवढंच हवं आहे, की मधल्या फळीत तिच्या मागून येणाऱ्या मुलीला वर्षाकाठी किती सामने मिळतात, हे वाचकाने विचारावं.