मेरीची बाळं

‘फ्रँकेन्स्टाइन’ पुन्हा वाचून काढलं. या वेळी त्या राक्षसाची भीती वाटलीच नाही. ते लिहिणारी मेरी शेली मात्र डोक्यातून जाईना. प्रियकराबरोबर घर सोडलेली, बापाने दार बंद केलेलं. १८१५ च्या फेब्रुवारीत, सतराव्या वर्षी, दिवस भरण्याआधीच तिला मुलगी झाली आणि काही दिवसांतच गेली. मग स्वप्न पडलं: बाळ मेलेलं नाही, नुसतं गारठलंय, शेकोटीपुढे चोळलं आणि ते जगलं. जाग आली तर बाळ नाही. हे तिने रोजनिशीत लिहून ठेवलं आहे.

पुढच्याच वर्षी जिनिव्हाजवळ, परक्या मुलखात, मेलेल्या देहात प्राण फुंकणाऱ्या माणसाची गोष्ट तिने सुरू केली. लिहिता लिहिता पुन्हा दिवस राहिले. घरात तान्हा विल्यम, आणि कादंबरीत गळा दाबून मारलेल्या पोराचं नावही विल्यमच! कोणत्या आईच्या हाताने हे लिहवेल? मला वाटतं, भीती उघड्यावर मांडल्याशिवाय तिला झोपच येत नसणार.

पुस्तक १८१८ च्या जानेवारीत निघालं, तिच्या नावाशिवाय. त्याच सप्टेंबरात धाकटी मुलगी क्लारा व्हेनिसमध्ये दगावली. पुढच्या जूनमध्ये विल्यम, रोममध्ये.