मिलानमधला तीन नंबर

मिलानला ऑफिसच्या कामासाठी आठवडाभर जायचंय म्हटल्यावर घरी फर्माइशींची यादी सुरू झाली. वहिनीला पर्स, मैत्रिणीला शूज, आईला ‘तिकडचं काहीतरी’. दादाचा फोन मात्र वेगळाच! ‘शॉपिंग गेलं उडत. सान सिरो बघून ये. पाडणारेत म्हणे.’

गोष्ट ऑक्टोबर २०२५ची. त्याआधी सप्टेंबरअखेर मिलानच्या नगर परिषदेनं हे स्टेडियम एसी मिलान आणि इंटर या दोन्ही क्लबना विकायला मंजुरी दिली होती. जुन्याचा बहुतेक भाग पाडून शेजारी नवं बांधायचं, असा बेत. दादाच्या पोटात गोळा येणं साहजिक होतं. आमच्या कोथरूडच्या घरात त्याच्या कपाटावर कित्येक वर्षं एकच पोस्टर होतं. लाल-काळा शर्ट, तीन नंबर, निळे डोळे. पावलो माल्दिनी. मी डोळ्यांसाठी बघायचे, दादा टॅकलसाठी.

तर एका शनिवारी सकाळी दुओमोसमोरचे सेल्फीवाले आणि कबुतरं ओलांडून मेट्रो पकडली. लाल लाइननं लोत्तो, तिथून जांभळी लाइन, शेवटचा स्टॉप सान सिरो स्टादियो. जिना चढून वर आलात की ते एकदम समोर उभं राहतं. गोलाकार फिरत वर जाणारे रॅम्प, काँक्रीटचे अकरा टॉवर, डोक्यावर लाल लोखंडी तुळया. टॉवर १९९०च्या वर्ल्ड कपसाठी बांधलेले. मूळ स्टेडियम १९२६चं. सुंदर म्हणावं असं अजिबात नाही, पण नजर हलत नाही.

टूरचं तिकीट काढलं, म्युझियममधले कप बघितले आणि रिकाम्या स्टँडमध्ये बसले. इथंच २० जानेवारी १९८५पासून त्याचं घर. त्या दिवशी उदिनेसेविरुद्ध बदली खेळाडू म्हणून तो सीनियर टीमकडून पहिल्यांदा उतरला, तेव्हा वय वर्षं सोळा. वडील चेझारे माल्दिनी मिलानचे कॅप्टन; १९६३ मध्ये वेम्बलीवर त्यांनी युरोपियन कप उचलला होता. ‘वशिल्याचा’ हा शिक्का टाळायला पोराकडे एकच उपाय होता, खेळणं. बरोब्बर चाळीस वर्षांनी, २००३ मध्ये, तोच कप त्यानंही कॅप्टन म्हणून इंग्लंडमध्येच उचलला.

डिफेंडरचं काम म्हणजे आपल्या ऑफिसमधल्या सिस्टिम अ‍ॅडमिनसारखं. सगळं नीट चाललं की कुणाला आठवण नाही, एकदा बिघडलं की सगळे शोधत येतात. माल्दिनी मूळचा उजव्या पायाचा, पण करिअरचा मोठा भाग डावीकडे लेफ्ट बॅक म्हणून खेळला आणि नंतर मधोमध सरकला. बॉल कुठं येणार हे आधीच ओळखून तिथं उभं राहायचं, म्हणजे धडपडत टॅकल करायची वेळच येत नाही. तासोत्ती, कोस्ताकुर्ता, बारेसी आणि माल्दिनी अशी बचावफळी होती. १९९३-९४च्या लीगमध्ये या मिलाननं ३४ मॅचेसमध्ये फक्त १५ गोल खाल्ले!

एकच क्लब, पंचवीस सीझन, ९०२ मॅचेस, पाच युरोपियन कप, सात लीग.

आणि मी? नऊ वर्षांत तीन कंपन्या. चौथीची ऑफर मेलमध्ये पडून होती, सोमवारपर्यंत उत्तर हवं होतं. ‘कपडे बदलावेत तशा नोकऱ्या बदलतेस,’ हे आजीचं वाक्य मिलानपर्यंत सोबत आलं होतं. दादा सतरा वर्षं एकाच बँकेत. त्याचा आदर्श कोण, हे कळलंच असेल.

पण दादाच्या पोस्टरवर नसलेली गोष्ट मला त्या स्टँडमध्ये बसून आठवली. २४ मे २००९, सान सिरोवरची त्याची शेवटची मॅच, समोर रोमा. मिलान २-३ हरलं. मॅच संपल्यावर निरोपाची फेरी मारताना कुर्वा सुद या कट्टर समर्थकांच्या स्टँडमधून शिट्ट्या आल्या, त्याच्याविरुद्ध फलक झळकले, ‘कॅप्टन एकच, बारेसी’ अशा घोषणा झाल्या. वाद जुनाच. आपल्या पुढंपुढं न करणारा कॅप्टन या गटाला कधी फारसा रुचला नव्हता. त्यात २००५ची इस्तंबूलची फायनल. पहिल्याच मिनिटाला माल्दिनीचा गोल, हाफटाइमला ३-०, आणि शेवटी लिव्हरपूलकडून पेनल्टींवर हार. आवाज बंद करून मध्यरात्री ती मॅच बघणारा दादा उशीत तोंड खुपसून रडला होता. पुढं २००७ मध्ये त्याच लिव्हरपूलला हरवून माल्दिनीनं कप परत आणला, वयाच्या ३९व्या वाढदिवसाच्या महिनाभर आधी. तरी निरोपाला शिट्ट्याच. त्यांच्यातला नसल्याचा आपल्याला अभिमान आहे, असं तो नंतर म्हणाला.

आठवड्यानंतर फ्लोरेन्सला करिअरची अगदी शेवटची मॅच झाली. तिथले प्रेक्षक प्रतिस्पर्ध्यांचे. त्यांनी मात्र त्याला टाळ्या वाजवून निरोप दिला.

म्हणजे पंचवीस वर्षं एका जागी काढूनही टाळ्यांची गॅरंटी नाही, आणि टाळ्या कुठून येतील तेही सांगता येत नाही. तो राहिला, कारण तिथं राहून खेळण्यासारखं खूप काही होतं. माझ्या सध्याच्या खुर्चीत तसं काही उरलंय का? रिकाम्या स्टँडमध्ये प्रामाणिक उत्तर द्यायला सोपं जातं. तिथं ऐकायला कुणी नसतं.

दादाला मैदानाचा फोटो पाठवला. त्याचं उत्तर आलं, ‘खाली उतरून डावीकडची टचलाइन बघ.’ मैदानाच्या कडेपर्यंतच जाता आलं. तिथून पांढऱ्या रेघेचा एक फोटो काढला. बस्स, गवत आणि रेघ. तोच फोटो आज त्याच्या फोनचा वॉलपेपर आहे.

रात्री हॉटेलवर पोचून ऑफर स्वीकारली. नोटीस पिरियडही पूर्ण केला, आणि शेवटच्या आठवड्यापर्यंत ज्युनियरला सगळं काम शिकवत बसले. निघताना केक कापला, दोघा-तिघांनी टाळ्या वाजवल्या, बॉस मीटिंगमध्ये होते. शिट्टी मात्र कुणी मारली नाही.

वहिनीची पर्स राहिलीच. ती अजून बोलत नाहीये.