७५ वॅटचा हिशेब

“दादा, कार्ड आनलं भो. आजच्या आज बसवून द्या, सोमवारी अल्बम द्याचा हाये.”

ऐन लग्नसराई होती. शूटिंग आणि मिक्सिंग करणारा हा मुलगा रात्रीच्या गाडीनं मुंबईला गेला, लॅमिंग्टन रोडवरून १२ जीबीचं आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स कार्ड घेतलं आणि भुसावळला उतरून थेट वरणगावला माझ्या दुकानातल्या टेबलापाशी आला. सोबत त्याचा कॉम्प्युटर होता: मोठ्या शहरातल्या ऑफिसातून निघालेला, सेकंडहँड घेतलेला, नामांकित कंपनीचा तयार डबा. आतलं सामान चांगलं होतं, पण साईड पॅनल काढलं आणि माझा जीव खालीवर झाला.

तयार डबा बनवणारी कंपनी ऑफिसच्या कामापुरता हिशेब करून तो बनवते. एसएमपीएस, म्हणजे आतल्या भागांना वीज पुरवणारं युनिट, बहुतेक वेळा २४० ते ३०० वॅटचा असतो. अनेक डब्यांत बोर्डाला नेहमीचा २४ पिनांचा सॉकेटच नसतो, कंपनीचा स्वतःचा ६ किंवा ८ पिनांचा असतो. त्यामुळे बाजारातला मोठा एसएमपीएस आणून लावू म्हटलं, तरी तो सरळ लागत नाही. म्हणून माझं पहिलं सांगणं कायम एकच असतं: कार्ड शेवटी घ्यायचं. आधी डबा उघडायचा आणि एसएमपीएसवरचं स्टिकर वाचायचं.

स्टिकरवरच्या मोठ्या आकड्याकडे नाही, १२ व्होल्टच्या रकान्याकडे बघा. त्या मुलाच्या डब्यावर तिथे १८ अँपिअर होतं. १८ गुणिले १२, म्हणजे २१६ वॅट. त्यातले ६५ प्रोसेसरचे. हार्डडिस्क, पंखे, बोर्ड यांचे तीसेक धरा. उरले १२० च्या आसपास, आणि त्याचं कार्ड एकटं १७० मागणारं. त्या कार्डासाठी कंपनीच ५५० वॅटचा एसएमपीएस सुचवते. इथून जवळच दीपनगरच्या वीजकेंद्रात ५०० मेगावॅटचे संच फिरतात, पण आपल्या डब्यात येणारी वीज त्या स्टिकरवर लिहिली तेवढीच.

“कन्व्हर्टर वायर लावू ना,” तो म्हणाला. ती वायर मी एकदा लावली आहे. हार्डडिस्कच्या साटा पिनेतून कार्डाला वीज देणारी. साटाच्या १२ व्होल्टच्या पिना फार तर ५४ वॅटच्या, आणि कार्ड तिथून ७५ ओढायला बघतं. पंधरवड्यात प्लॅस्टिक वितळून पिना एकमेकींना चिकटल्या. त्या गिऱ्हाईकाच्या घरात कुणी जागं होतं म्हणून वास आला. तेव्हापासून ती वायर माझ्या दुकानात नाही.

बोर्डावरचा लांब स्लॉट कार्डाला स्वतः ७५ वॅट देतो. त्यात भागणारं कार्ड घेतलं, तर वेगळी वायर लागत नाही. पण इथे नाव फसवतं. आरटीएक्स ३०५० याच नावाचं ८ जीबीचं कार्ड १३० वॅट घेतं, त्याला वेगळी वायर लागते. फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेलं ६ जीबीचं ७० वॅटमध्ये चालतं. ५३ वॅटचं आरएक्स ६४०० पाहून लोक खूश होतात, पण त्यात व्हिडिओ एन्कोड करणारा भागच नाही. मिक्सिंगवाल्यानं ते घेऊ नये. जुन्या बोर्डात ते आणखी मागे पडतं, कारण स्लॉटच्या १६ लेनपैकी ते चारच वापरतं.

मग मापं. १९६४ सालच्या आपल्या इथल्या आयुध कारखान्यातून निवृत्त झालेले एक काका नातवासाठी कार्ड घ्यायच्या आधी डब्याची लांबी, रुंदी आणि हार्डडिस्कच्या पिंजऱ्यापर्यंतचं अंतर कागदावर लिहून घेऊन आले होते. जन्मभर गेज हातात धरलेला माणूस. त्यांचा डबा बुटका होता, त्यात अर्ध्या उंचीच्या पट्टीचंच कार्ड बसतं, हे त्यांनी मला सांगितलं. असं गिऱ्हाईक आलं की दिवस चांगला जातो.

आणि आपला उन्हाळा. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, आणि तयार डब्याला मागे एकच छोटा पंखा. त्यात लोक कॉम्प्युटर कुलरसमोर ठेवतात, त्यालाही गार वाटावं म्हणून. काळ्या मातीची धूळ आणि कुलरचा ओलावा मिळून पात्यांवर सारवल्यासारखा थर बसतो. मी तो ब्रशनं नाही, लाकडी काडीनं खरवडून काढलेला आहे. हवा मग आत शिरतच नाही. कॉम्प्युटर कुलरच्या झोताबाहेर ठेवा आणि दर दोन महिन्यांनी कोरड्या ब्लोअरनं साफ करा.

त्या मुलानं शेवटी मोठं कार्ड ओळखीतल्या एकाला विकलं आणि ६ जीबीचं आणलं. स्लॉट जुना होता म्हणून फुंकर मारून धूळ काढली, जुन्या रॅमच्या सोनेरी पट्ट्या खोडरबरानं पुसल्या, कार्ड सरळ दाबलं. लॉक ‘कट्’ करून बसलं. चालू केलं तर स्क्रीन काळी. त्याचा चेहरा उतरला. मॉनिटरची वायर अजून बोर्डाच्या सॉकेटला होती. ती काढून कार्डाला लावली. दहापैकी पाच लोक इथेच घाबरून कार्ड परत करायला निघतात.

पुढे एक पंखा वाढवला, ड्रायव्हर टाकला, हळदीचा व्हिडिओ रेंडरला लावला. बाहेर रस्त्यावर ऊन मावेना. कार्ड ७१ अंशांवर जाऊन थांबलं. तो मात्र दर दोन मिनिटांनी उठून डब्याला हात लावून बघत होता.