चुलीमागचा कट्टा आणि नाताळची डहाळी

नाताळ जवळ येऊं लागला म्हणजे इंग्रजी चित्रांच्या पुस्तकांतून एक देखावा हटकून दृष्टीस पडतो. भिंतींत बांधलेली मोठी शेकोटी, तींत धडाडून पेटलेलीं लांकडें, आणि शेकोटीवरील रुंद फळीवर हिरव्या डहाळ्या, लाल फळें, मेणबत्त्या व स्नेह्यांकडून आलेलीं शुभेच्छापत्रें मांडलेलीं, असा तो देखावा असतो. त्या फळीस इंग्रजींत मँटेलपीस म्हणतात. आमच्या बालवाचकांपैकीं बहुतेकांनीं ती चित्राबाहेर पाहिली नसेल, यांत नवल नाहीं. हिंगोलीच्या थंडीस अंगणांतील शेकोटी आणि एक घोंगडी पुरेशी होते. तिच्यासाठीं भिंतींत धुराडें बांधण्याची गरज आपल्या वाडवडिलांस कधीं वाटली नाहीं.

महाराष्ट्रांत ही फळी पाहावयाची असेल, तर थंड हवेच्या ठिकाणीं जावें लागतें. सर जॉन माल्कम यांच्या अमदानींत, इ. स. १८२८ च्या सुमारास, महाबळेश्वर येथें इंग्रजांची वस्ती वसूं लागली. तेथील जुन्या बंगल्यांतून अशा शेकोट्या आढळतात. आपल्या हिंगोलीचाहि इंग्रज अंमलदारांशीं जुना संबंध आहे. इ. स. १९०३ पर्यंत हें गांव हैदराबाद कंटिंजंट नांवाच्या फौजेचें ठाणें होतें. आमचे पणजोबा त्या काळीं छावणींतील एका बंगल्यावर माळी होते. नाताळच्या आदल्या दिवशीं साहेबाच्या दिवाणखान्यांत डहाळ्या व फुलें मांडण्याचें काम त्यांजकडे असे, असें आमची आजी सांगे. फौज गेली, साहेब गेले. परंतु पणजोबांच्या हातांत ती मांडणी राहिली, आणि ती त्यांनीं आपल्या घरीं आणिली.

आमच्या घरीं शेकोटीची फळी कोठली असणार? घर माळवदाचें, भिंती मातीच्या. परंतु चुलीच्या मागें भिंतीस लागून मातीचा एक हातभर लांब कट्टा होता. भाकरीची टोपली, दुधाचें भांडें, मिठाची बरणी यांची ती जागा. कित्येक घरीं अशा कट्ट्यास भानवस म्हणतात. घरांत ऊब जेथें असते आणि सायंकाळीं माणसें जेथें आपोआप गोळा होतात, तेंच ठिकाण इंग्रजानें सजविलें आणि तेंच आमच्या पणजोबांनींहि निवडलें. साहेबाच्या फळीचें लांकूड निराळें आणि आमच्या कट्ट्याची माती निराळी, एवढाच काय तो भेद.

बऱ्या वर्षीं हा कट्टा पाहण्यासारखा असे. आजी प्रथम त्यावरील भांडीं उतरवून कट्टा शेणानें सारवी आणि मागील भिंतीस पांढऱ्या मातीचा हात देई. नंतर ओल्या मातीचे चार-पांच गोळे ओळीनें ठेवून त्यांत आंब्याच्या व कडुलिंबाच्या डहाळ्या खोंवी. मध्यभागीं पितळेचा तांब्या, त्यांत शेवंती व झेंडू. दोहों बाजूंस कपाशीच्या वाळलेल्या काड्या, त्यांवर फुटलेलीं पांढरीं बोंडें. पुढें एक पणती. चित्रांतील बर्फ आम्हीं कधीं पाहिलें नव्हतें. परंतु काळ्या मातींतून निघालेल्या त्या पांढऱ्या कापसाकडे पाहून आमचें पूर्ण समाधान होत असे.

येथें कोणी विचारील, कीं परक्यांची ही रीत आपण कशास उचलावी? या शंकेचें उत्तर त्या तांब्यांतील फुलेंच देतात. ज्या झेंडूवांचून आपला दसरा होत नाहीं, त्याचें मूळ स्थान मेक्सिकोकडील प्रदेश होय. युरोपियन दर्यावर्दी लोकांमार्फत तो इकडे आला. शेवंतीची जोपासना प्रथम चीन देशांत झाली. कपाशी मात्र हिंदुस्थानांत हजारों वर्षें पिकत आली आहे. तरी आज आपल्या शेतांतून जी लांब धाग्याची कपाशी सर्वत्र दिसते, तिचें कुळहि अमेरिकेंतीलच आहे. फार काय, नाताळ हा शब्दसुद्धां आपणांस पोर्तुगीज भाषेनें दिला. जें आपल्या मातींत रुजलें आणि आपल्या हातांनीं वाढविलें, तें आपलें झालें.

परंतु डहाळी ठेवावयाची कशासाठीं, हें आम्हांस बरीं वर्षें कधींच शिकवूं शकलीं नाहींत. तें आम्हांस इ. स. १९७२ सालीं कळलें.

त्या सालचा दुष्काळ पालकांपैकीं वडील मंडळीस आठवत असेल. आपला भाग तेव्हां परभणी जिल्ह्यांत होता. मृगापासून पावसानें तोंड फिरविलें तें फिरविलेंच. आश्विनांत आमची बैलजोडी मिळेल त्या किंमतीस बाजारांत गेली. वडील दुष्काळी कामावर खडी फोडावयास जाऊं लागले. घरीं अमेरिकेहून आलेल्या तांबड्या मिलोची भाकरी होई. ती तव्यावरच भंगे आणि थंड झाली म्हणजे गळ्याखालीं उतरत नसे. ओढ्याच्या वाळूंत झिरा खणून आई वाटीवाटीनें घागर भरी. गोठ्यांत एक गाय तेवढी उरली होती. कामावरून परततांना वडील वाट वांकडी करून वडा-पिंपळाचा पाला आणीत. ती एक पेंढी म्हणजे गाईचें रात्रीचें सारें अन्न होतें.

डिसेंबरच्या २४ तारखेस रविवार होता. सायंकाळीं वडील पेंढी घेऊन आले, तेव्हां आम्हां भावंडांनीं कट्ट्यासाठीं डहाळी मागितली. वडील कठोर नव्हते. परंतु त्या दिवशीं ते फार दमले होते. ते म्हणाले, “औंदा डहाळी न्हाई. गाईच्या तोंडचा पाला भिंतीला लावून काय करायचं?” यावर आम्हांस कांहींच उत्तर सुचलें नाहीं, कारण गाय दावणीस उभी राहून त्या पेंढीकडेच पाहत होती.

आजी चुलीपाशीं बसली होती. तिनें थोडा वेळ विचार केला आणि वडिलांस म्हणाली, “तू म्हनतोस ते खरं हाय. डहाळी गाईचीच हाय. पन रातभर उसनी देईल ती आपल्याला. सकाळी उजाडायच्या आत फेडून टाकू.” मग तिनें पेंढींतून स्वतः दोन डहाळ्या निवडून घेतल्या आणि ओल्या मातीचे गोळे न करितां त्या पाण्याच्या लोट्यांत उभ्या केल्या. तें पाणीहि सकाळीं गाईसच पाजावयाचें होतें.

फुलें कोठेंच नव्हतीं. आमच्या शेजारीं एक वृद्ध गृहस्थ राहत. गांवच्या मारुतीची पूजा त्यांजकडे असे, आणि आम्ही त्यांस काका म्हणत असूं. आदल्या दिवशीं शनिवार असल्यामुळें त्यांनीं मारुतीच्या माळेसाठीं रुईचीं फुलें तोडून आणिलीं होतीं, त्यांतील मूठभर शिल्लक होतीं. काका तीं ओंजळींत घेऊन आले आणि म्हणाले, “रुईला जनावर सहसा तोंड लावत न्हाई, तवा हे कुनाच्या तोंडचं न्हाई बरं!” वडीलहि त्यावर हंसले. कित्येक दिवसांनीं आम्ही त्यांस हंसतांना पाहिलें.

त्या रात्रीं दोन डहाळ्या, मूठभर जांभळट पांढरीं फुलें आणि एक मिणमिणता दिवा, एवढीच मांडणी होती. आम्हीं उपासना केली. काका व त्यांच्या घरचीं माणसें उंबऱ्याशीं बसलीं होतीं. सर्वांनीं गुळाचा चहा घेतला. बाहेर कोसभर शेतें उघडीं पडलीं होतीं. गव्हाचें वा हरभऱ्याचें एक हिरवें पान दृष्टीस पडत नव्हतें. त्यामुळें कट्ट्यावरच्या त्या दोन डहाळ्यांवरून आमची दृष्टि हालेना.

इंग्रजांच्या देशांत या दिवसांत काय स्थिति असते, हें आम्हांस पुढें शाळेंत भूगोल शिकतांना कळलें. डिसेंबरच्या अखेरीस लंडनमध्यें दुपारीं चारच्या सुमारास सूर्य मावळतो. बहुतेक झाडांवर पान राहत नाहीं. हॉली, आयव्ही यांसारख्या थोड्या वनस्पति तेवढ्या हिरव्या असतात. म्हणून तेथील लोक त्यांच्या डहाळ्या आणून घरांतील ऊबेच्या जागीं ठेवितात. आपल्याकडे सामान्यतः उलट असतें. नाताळांत रब्बीचीं पिकें डोलत असतात. पानगळ पुढें येते. म्हणून बऱ्या वर्षीं आपली डहाळी ही केवळ शोभा असते. बाहेर सर्व उजाड असतांना घरांत एक हिरवी डहाळी ठेवणें म्हणजे काय, हें आम्हांस त्या दुष्काळानें दाखविलें. ती डहाळी आम्हांस सांगत होती, कीं झाड अद्याप मेलेलें नाहीं.

दुसऱ्या दिवशीं पहांटे आजीनें आम्हांस उठविलें आणि डहाळ्या आमच्या हातीं देऊन गोठ्यांत पाठविलें. गाईनें पानें तर खाल्लींच, कोंवळ्या काड्याहि सोडल्या नाहींत. पुढील साली पाऊस चांगला झाला. ती गाय तोंवर तगली, आणि आम्हांस अनेक वर्षें तिचें दूध मिळालें.

तेव्हांपासून आमच्या घरीं एक नियम झाला, तो आजहि पाळला जातो. ज्याची परतफेड करितां येणार नाहीं, असें कांहीं कट्ट्यावर ठेवावयाचें नाहीं. पाला गुरांस जातो, झेंडू-शेवंतीचें खत होतें, कापसाच्या वाती होतात, मातीचे गोळे पुन्हा अंगणांत मिळतात. आतां चुलीच्या जागीं गॅसची शेगडी आली आहे, आणि कट्टा जाऊन भिंतींत फरशीची फळी बसली आहे. परंतु नियम तोच आहे. बाजारांतील प्लास्टिकच्या हिरव्या माळा कधीं सुकत नाहींत हें खरें. पण त्या कोणाच्या मुखींहि पडत नाहींत आणि मातींतहि मिळत नाहींत.

विद्यार्थी मित्रहो, यंदा आपल्या घरची फळी वा कोनाडा सजवावयाचा असेल, तर थोडी सावधगिरी ठेवा. डहाळी धन्यास विचारून तोडा, आणि झाडाचा शेंडा तोडूं नका. रुईचा चीक डोळ्यांस अपायकारक असतो. तीं फुलें हाताळल्यावर हात स्वच्छ धुवा. कापूस व वाळका पाला दिव्यापासून हातभर तरी दूर असावा, आणि निजण्यापूर्वीं दिवा मालवावा. पेटत्या शेगडीच्या अगदीं वर कांहींच टांगूं नये. मांडणी करितांना घरांतील आजी-आजोबांस जवळ बसवून घ्या; कोणतें पान किती दिवस टिकतें, हें पुस्तकांपेक्षां त्यांस अधिक ठाऊक असतें.

आणि पालकांस आमची एवढीच विनंति, कीं नाताळच्या दुसऱ्या दिवशीं सुकलेला पाला केरांत टाकूं नये. तो मुलांच्या हातीं द्यावा, आणि जवळपास ज्याच्या दारीं शेळी वा गाय असेल त्याच्याकडे त्यांस पाठवावें.