कोनाड्यातली कपबशी

खानावळीत वाढलेल्या माणसाला दुसऱ्याच्या खानावळीत स्वस्थ बसून जेवता येत नाही. घास तोंडात असतो आणि डोळे भलतीकडे असतात. भाताची मूद केवढी, आमटीत पळी कितव्यांदा बुडाली, गिऱ्हाईक उठल्यावर बाक पुसायला कोण धावले, गल्ल्यावरचा माणूस हसतो की नुसते पैसे मोजतो, हे सारे नकळत टिपले जाते. सत्तरी ओलांडली तरी माझी ही खोड काही गेली नाही.

आमची खानावळ पोलादपुरात, मुंबई-गोवा रस्त्याला लागून होती. महाडहून आलेली गाडी इथे थांबे. पुढे एक रस्ता आंबेनळी घाटाने महाबळेश्वराकडे चढतो आणि दुसरा कशेडी घाटाने खेडकडे जातो. घाट लागण्याआधी पोटात काहीतरी घालावे असे प्रवाशांना वाटे, आणि त्या वाटण्यावर आमचे घर चाले. चार बाकडी, एक फडताळ, मागे चूल. आई रांधी, अण्णा वाढीत आणि पैसे घेत. तांदळाची भाकरी, वालाचे बिरडे, कुळथाची पिठी, सुकटीची चटणी, पावसाळ्यात अळूचे फदफदे. आणि बाजारातून भाजी आली नाही की कुंपणावरच्या वेलाचा तांबडा भोपळा. भोपळा चिरला जाऊ लागला की आम्ही मुले ओळखत असू, आज घरात चणचण आहे. त्यामुळे भोपळा मला कधी आवडला नाही. गरिबीचा रंग तांबडा असतो, अशी माझी लहानपणची समजूत होती.

या भोपळ्याची आणि माझी पुन्हा गाठ पडली ती सातासमुद्रापलीकडे. माझी लेक न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनला असते. 2022 च्या डिसेंबरात मी तिच्याकडे गेले. तिचे घर फ्लॅटबुश नावाच्या भागात. अमेरिका म्हणजे गोरी माणसे आणि काचेची घरे असे चित्र मनात घेऊन मी गेले होते. पण लेकीच्या गल्लीतून बाहेर पडले आणि पाहते तो दुकानांपुढे अळकुड्यांचे ढीग, कच्च्या केळ्यांचे घड, रताळी, शहाळी! कडाक्याच्या थंडीत, कानटोपी घातलेली मी त्या अळकुड्यांपुढे महाडच्या बाजारात उभी राहावी तशी उभी राहिले. लेक म्हणाली, "आई, हा कॅरिबियन लोकांचा मोहल्ला आहे. त्रिनिदाद, जमैका, हैती, सगळे इथे आहेत."

पहिल्या दिवशी तिने मला त्रिनिदादच्या एका दुकानात नेले. त्यांच्याकडे 'डबल्स' म्हणून एक प्रकार मिळतो. तळलेल्या दोन मऊ पुऱ्या, त्यांना ते 'बारा' म्हणतात, आणि मध्ये रसदार चणे. वर चिंचेची चटणी. मी चकित झाले. पण चकित होण्यासारखे काही नव्हते. 30 मे 1845 रोजी 'फातेल रझाक' नावाचे जहाज कलकत्त्याहून दोनशेहून अधिक मजूर घेऊन त्रिनिदादला लागले. गुलामगिरी कायद्याने बंद झाली होती. उसाच्या मळ्यांना हात हवे होते. करारावर अंगठा उठवून गेलेल्या त्या माणसांनी आपली रोटी, डाळ आणि चटणी एवढेच बरोबर नेले, आणि तेच टिकले.

हैतीची खानावळ त्याच्या पुढच्या चौकात होती. खानावळच म्हणायची, हॉटेल नव्हे. पाच-सहा टेबले, काचेआड वाफाळणाऱ्या परातींची रांग, भिंतीवर टीव्हीत फुटबॉल चाललेला, आणि गल्ल्यावर माझ्याच वयाची एक ठसठशीत बाई. डोक्याला फडके बांधलेले, हातात पळी. वाढताना ती गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघे, परातीकडे नव्हे. मी लेकीला म्हटले, "ही बाई खरी खानावळवाली."

त्या पहिल्या जेवणाची चव अजून जिभेवर आहे. राजमा घालून शिजवलेला भात. 'बानान पेझे' म्हणजे कच्च्या केळ्याचे काप: एकदा तळायचे, मग दाबून चपटे करायचे आणि पुन्हा तळायचे. काप तर आम्हीही करतो, पण दोनदा तळण्याची अक्कल आम्हाला सुचली नव्हती. अळकुडीच्या कुळातला एक कंद किसून केलेली खुसखुशीत भजी, तिला ते 'आक्रा' म्हणतात. काळ्या अळंबीच्या पाण्यात शिजवलेला काळा भात, 'जोन-जोन'चा. आवडणाऱ्यांसाठी तळलेले डुकराचे मांस होते. मी आपली बकऱ्याच्या 'तासो'वर राहिले. आणि कडेला 'पिकलीझ': कोबी, गाजर, कांदा आणि जहाल मिरची आंबट पाण्यात मुरवलेली. कोकणातली बाई मिरचीला काय भिणार, अशा तोऱ्यात मी चमचाभर तोंडात टाकली आणि डोळ्यांतून घळघळा पाणी आले. गल्ल्यावरची बाई खदखदून हसली आणि तिने माझ्यापुढे न मागता पाण्याचा पेला ठेवला.

मागाहून मनात आले, हसली ते बरोबरच. मिरची मुळात त्यांच्या बाजूची. कोलंबस 1492 साली तिकडे पोचला, आणि पुढे पोर्तुगिजांच्या गलबतांतून ती आपल्याकडे आली. पेरू, पपई आणि तांबडा भोपळाही त्याच बाजूचे. आंबा तेवढा इकडून तिकडे गेला. म्हणजे मी मिरचीच्या माहेरच्या माणसांकडे जेवायला बसले होते, आणि सासरच्या तोऱ्यात बसले होते!

मग त्या खानावळीत आमची ये-जा सुरू झाली. निघताना एकदा बाईने लेकीला बजावले, "पहिल्या तारखेला आईला घेऊन ये. त्या दिवशी सूप असतं."

1 जानेवारी 2023 हा रविवार होता. सकाळी गेलो तर दारापर्यंत रांग. म्हातारे, तान्ह्या पोरांना घेतलेल्या आया, कामावरून परस्पर आलेले टॅक्सीवाले. आत मोठमोठी पातेली रटरटत होती. आमची पाळी आली आणि वाडगा माझ्या हातात पडला. पाहते तो काय, तांबडा भोपळा! शिजवून घोटलेला, त्यात बटाटे, गाजर, कोबी, शेवयांचे जाड तुकडे, आणि अख्खी मिरची न फुटता तरंगणारी. एका पातेल्यात गोमांस होते, दुसऱ्यात नुसत्या भाज्या. मी दुसऱ्यातले घेतले. माझ्यासाठी पातेले वेगळे होते. वाडगा मात्र सगळ्यांसारखाच होता.

मी हसून लेकीला म्हटले, "अगं, सणाच्या दिवशी भोपळा? आमच्याकडे हा अडचणीच्या दिवशी." तिने ते बाईला इंग्रजीत सांगितले. बाईने पळी बाजूला ठेवली आणि रांग थांबवून म्हणाली, "आमच्या पणज्या हे सूप शिजवत होत्या. मालक खात होते. आमच्या पणज्यांना ते चाखायला परवानगी नव्हती."

हैती तेव्हा फ्रेंचांची वसाहत होती. साखर आणि कॉफी यांवर फ्रान्स गबर झाला, आणि ती पिकवायला आफ्रिकेतून माणसे गुलाम करून आणली गेली. 1791 च्या ऑगस्टात त्या गुलामांनी उठाव केला. नेपोलियनच्या फौजेलाही ते हटले नाहीत, आणि 1 जानेवारी 1804 रोजी त्यांनी स्वातंत्र्य जाहीर केले. गुलामांनी बंड करून स्वतःचे राष्ट्र उभे केले. त्या स्वातंत्र्याची किंमत म्हणून फ्रान्सने 1825 साली त्यांच्यावर पंधरा कोटी फ्रँकांची भरपाई लादली. पुढे ती कमी झाली, तरी त्यापायी काढलेल्या कर्जाचे हप्ते 1947 पर्यंत चालले. देश कंगाल झाला. पण पहिल्या जानेवारीला प्रत्येक घरात भोपळ्याचे सूप शिजते. जे आपल्याला निषिद्ध होते ते आज आपण सगळे मिळून खातो, एवढेच त्याचे मंत्र आणि एवढीच पूजा. 2021 च्या डिसेंबरात युनेस्कोने या 'सूप जूमू'ला जगाच्या सांस्कृतिक वारशात जागा दिली.

बाईने पुन्हा पळी उचलली. रांग पुढे सरकली. मी वाडगा घेऊन टेबलाशी बसले, पण पहिला चमचा काही उचलवेना. मला आमच्या खानावळीचा कोनाडा दिसत होता.

तो ओटीच्या बाहेरच्या भिंतीत होता. त्यात कान तुटलेल्या तीन कपबशा असत. काही गिऱ्हाइके पायरी चढत नसत. ती आपली आपण त्यांतली एक घेत, अण्णा वरून चहा ओतीत, ती पायरीशी बसून पीत, कपबशी स्वतः विसळून परत ठेवीत. पाणी हवे असेल तर ओंजळ धरीत, आणि तांब्याने वरून पाणी घालण्याचे काम माझ्याकडे होते. मला तो खेळ वाटे. धार मोडू द्यायची नाही, एवढेच माझे लक्ष.

1961 सालची गोष्ट. मी नऊ वर्षांची होते. मार्च अखेरचे ऊन होते. एस.टी.तून एक मास्तर उतरले. पांढरा सदरा, खिशाला फाउंटन पेन. जवळच्या वाडीतले, ती वाडी 1956 नंतर बौद्ध झाली होती. लहान गावात कोण कुठला हे पोरासोरांनाही ठाऊक असते. त्यांनी पाणी मागितले. मी तांब्या घेऊन पायरीवर उभी राहिले आणि त्यांच्या ओंजळीची वाट पाहू लागले. त्यांनी हात खालीच ठेवले. म्हणाले, "मुली, पेला दे."

आत फडताळात वीस पेले घासूनपुसून पालथे घातलेले होते. मी मागे वळून अण्णांकडे पाहिले. अण्णांनी पाहिले आणि वहीत मान घातली. चुलीशी आईचा हात थांबला. मी जागची हलले नाही. एक भाकरी शेकायला लागतो तेवढा वेळ मास्तर उभे राहिले. मग त्यांनी पिशवी खांद्याला लावली आणि पाणी न पिता उन्हातून वाडीकडे चालू लागले. पुन्हा ते आमच्या दाराशी कधी आले नाहीत.

अस्पृश्यता हा गुन्हा ठरवणारा कायदा 1955 सालीच झाला होता. अण्णा दुष्ट नव्हते. पैसे नसलेल्या किती वाटसरूंना त्यांनी फुकट जेवू घातले आहे. त्या रात्री ते धड जेवले नाहीत. पण पेला त्यांनी दिला नाही, आणि मीही नाही.

पुढे हायस्कुलासाठी मी महाडला जाऊ लागले. रोज चवदार तळ्याच्या काठाने जात असे. त्या तळ्याची हकीकत आमच्या घरात कोणी काढत नसे. मी ती फार उशिरा वाचली. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले, असा बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने 1923 साली मंजूर केला होता, आणि महाडच्या नगरपालिकेनेही तळे खुले केले होते. पण कागदावरचे पाणी पिता येत नाही. 1927 च्या मार्चमध्ये परिषदेला जमलेल्या हजारोंसाठी चाळीस रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले. 20 मार्चला डॉ. आंबेडकरांनी तळ्याचे पाणी ओंजळीत घेऊन प्राशन केले. मग मंडपात जेवत असलेल्या माणसांवर लाठ्या पडल्या, अन्न मातीत गेले. कोर्टाचा शेवटचा निकाल लागायला 1937 साल उजाडले. आमच्या ओटीवरचा तो प्रसंग त्यानंतर चोवीस वर्षांनी घडला, तळ्यापासून अठरा-वीस किलोमीटरांवर.

"आई, सूप गार होतंय," लेक म्हणाली. तेव्हा मी तिला हे सारे सांगितले. ती बराच वेळ बोलली नाही. मग एवढेच म्हणाली, "हे तू कधी सांगितलं नाहीस." मी म्हटले, "सांगण्यासारखं काय होतं गं त्यात?" आणि बोलता बोलता उमगले की, म्हणूनच सांगायला हवे होते. मी चमचा उचलला. तो भोपळा गोड होता आणि मिरचीने उष्ण होता. मी वाडगा पुसून घेतला.

आमच्या कोनाड्यातल्या कपबशा पुढे दोन-तीन वर्षांत नाहीशा झाल्या. अण्णांनी काढल्या की आईने, मी विचारले नाही. दिवाळीत आई तिथे पणती ठेवू लागली. नंतर रस्ता रुंद झाला तेव्हा ती भिंतच गेली. आता पलीकडे भाच्याची नवी खानावळ आहे. दिवाळीला तिथून घरोघर फराळाची ताटे जातात. हल्ली मी ताटे मोजते तेव्हा कोणकोणत्या घरी गेली यापेक्षा कोणत्या घरी गेली नाहीत, ते आधी मोजते. वाचकांनीही एकदा मोजून पाहावे.

अमेरिकेहून परतले त्याच वर्षी, 20 मार्चला, मी भाच्याच्या गल्ल्यावर बसले होते. महाडला तळ्यावर जाणाऱ्या गाड्या थांबत होत्या. एक आजोबा नातीचा हात धरून आत आले, बाकावर टेकले. नात माझ्यापाशी येऊन म्हणाली, "आजी, पाणी." मी उठले, पेला विसळून भरला आणि तिच्या हाती दिला. आजोबा सावकाश प्याले. पेला परत आणून देताना नातीने विचारले, "पाण्याचे किती?" हल्ली पाणी बाटलीतून विकत मिळते, पोरीचा प्रश्न साधाच होता.

"पाण्याचं काही नाही, बाळ," मी म्हटले.

मास्तरांची तहान याने भागली असे मी म्हणणार नाही. तो पेला त्यांना द्यायचा राहिला तो राहिलाच.