दोन कुंचल्यांची शाळा

तोकिओतील उएनो येथे सरकारी कलाशाळेचे वर्ग 1889 साली सुरू झाले, तेव्हा तिच्या अभ्यासक्रमात तैलचित्रणाला मुळी स्थानच नव्हते. 1876 मध्ये ज्या सरकारने इटलीहून आन्तोनिओ फोन्तानेसीला पाचारण करून तैलरंगांची तालीम देणारी वेगळी शाळा सुरू केली, त्यानेच ती शाळा 1883 मध्ये बंद केली होती. आणि नव्या शाळेची सूत्रे हाती घेणाऱ्या ओकाकुरा काकुझोंचा कौल स्वदेशी कलेलाच होता. त्यांचा तो आग्रह मला संकुचित वाटत नाही. परदेशी मालाच्या त्या भरतीत कोणी तरी हट्टाने पाय रोवून उभे राहिले नसते, तर जपानी चित्रकलेची परंपरा शाळेच्या दप्तरात नोंदविण्यापुरतीही उरली असती की नाही, कोण जाणे.

1896 मध्ये मात्र हुकूम फिरला. कायदा शिकण्यासाठी म्हणून फ्रान्सला गेलेला आणि राफाएल कोलँच्या हाताखाली चित्रकार होऊन परतलेला कुरोदा सेइकी नव्या पाश्चात्त्य विभागात शिकवू लागला, आणि एकाच शाळेत दोन साधना शेजारी शेजारी नांदू लागल्या.

जपानी पद्धतीत कागद अथवा रेशीम जमिनीवर आडवे पसरून चित्रकार त्यावर ओणवा होतो. रंग म्हणजे कुटलेली खनिजे आणि शिंपल्यांची शुभ्र पूड. पाण्यात भिजविलेला सरस उकळी न आणता मंदपणे वितळवावयाचा, पांढऱ्या बशीतील पुडीत तो थोडाथोडा घालीत बोटाने मळावयाचा, आणि मगच पाणी. दगड तोच असला तरी कण जितके बारीक तितका रंग फिका. तेव्हा छटा मिश्रणापेक्षा कुटण्यावर अवलंबून. तैलचित्राचा कॅनव्हास घोडीवर उभा असतो, आणि जवसाचे तेल हवेतील प्राणवायू शोषीत इतक्या सावकाश आळते, की काल रंगविलेला गाल आज पुन्हा हाताळता येतो, नापसंत भाग सुरीने खरवडता येतो. एकीत निर्णय कुंचला टेकण्यापूर्वी घ्यावा लागतो. दुसरीत तो चित्रावरच घडत जातो.

(आपल्या मुंबईच्या जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांनी तेथील शिक्षक ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखाली अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती तेलरंगांतच केल्या होत्या. तेथील निष्प्रभ, तेलविरहित पृष्ठभाग चकाकत्या तेलात उतरविताना त्या तरुणांचे हात किती अडखळले असतील, हा विचार मला वारंवार सतावतो.)

उएनोत तैलचित्रण शिकून 1910 मध्ये बाहेर पडलेल्या फुजिता त्सुगुहारूने शिरस्त्याप्रमाणे काढलेले आत्मचित्र त्यातील काळ्या छटांमुळे कुरोदाला रुचले नाही. पुढे पॅरिसमध्ये त्याच फुजिताने कॅनव्हासवर दुधाळ, मंद अस्तर तयार केले, त्यात टाल्कची पूड मिसळली, आणि बारीक जपानी कुंचल्याने काळ्या शाईची केसासारखी रेषा त्या तैलभूमीवर ओढली. अस्तराचे रहस्य त्याने जपून ठेवले. रेषा मात्र उघड होती, कारण ज्या देशात मूल अक्षरेच कुंचल्याने गिरवी, तेथे वाढलेल्या हाताला ती वेगळ्या विभागात नाव दाखल करून मिळवावी लागली नाही. ओकाकुरांना धास्ती होती ती रेषा पुसली जाण्याची. ती तेलातही तग धरते हे सिद्ध करणारा चित्रकार, त्यांनी ज्या विद्येला दाराबाहेर ठेवले होते, तिच्याच वर्गातून निघाला.