वरचं खाचर

'गुंठामंत्री' हा शब्द मी कितीतरी वर्षं बिनदिक्कत वापरला. बापजाद्यांची जमीन विकायची, मोठी गाडी घ्यायची, चौकात वाढदिवसाचा फ्लेक्स लावायचा आणि पैसा संपला की कुठल्यातरी सोसायटीच्या गेटवर वॉचमन म्हणून उभं राहायचं. मावळातल्या शेतकऱ्याची एवढीच गोष्ट मला ठाऊक होती. त्या गोष्टीत जमीन विकणारा होता. त्या जमिनीवर फ्लॅट घेणारी मी कुठेच नव्हते.

हा ग्रह जुना आहे. ९ ऑगस्ट २०११ ला आम्ही चिंचवडला राहत होतो. पवना धरणाचं पाणी बंद जलवाहिनीतून पिंपरी-चिंचवडला नेण्याच्या योजनेविरुद्ध शेतकरी बऊरजवळ द्रुतगती मार्गावर उतरले आणि पोलिसांच्या गोळीबारात कांताबाई ठाकर, मोरेश्वर साठे आणि श्यामराव तुपे यांचा जीव गेला. मला वाईट वाटलं. पण त्याच संध्याकाळी घरात मी म्हणाले, "पाणी काय यांच्या एकट्याचं आहे का?" तीन माणसं गेल्याच्या दिवशी मला माझ्या नळाची काळजी होती. धरणातून सोडलेलं पाणी नदीतून रावेतच्या बंधाऱ्यापर्यंत येतं, वाटेतल्या गावांचे पंप त्यावर चालतात, आणि ते पाइपात गेलं तर काठ कोरडा पडेल, एवढी साधी गोष्ट समजून घ्यावी असंही मला वाटलं नाही.

पुढे आम्ही तळेगाव दाभाड्याला आलो. कारणं सगळ्यांची असतात तीच. चिंचवडच्या मानाने स्वस्त घर, बरी हवा, आणि १९७८ पासून धावणारी पुणे-लोणावळा लोकल. खिडकीतून हिरवी खाचरं दिसत होती, त्याचंही अप्रूप होतं.

इमारतीमागच्या वस्तीतल्या एक मावशी दिवाळीनंतर इंद्रायणी तांदूळ विकायला यायच्या. हा वाण वडगाव मावळच्या संशोधन केंद्रातला, १९८७ सालचा. आता त्याच्या नावावर कुठला कुठला तांदूळ खपतो, पण मावशींचा भात शिजला की जिन्यात वास यायचा. एका वर्षी त्या आल्याच नाहीत. पुढच्या पावसाळ्यात गेटवर भेटल्या तेव्हा कळलं, त्यांनी जमीन विकली. मी पटकन बोलून गेले, "मावशी, तुम्हीसुद्धा?"

त्या रागावल्या नाहीत. "चला ताई, दावते," म्हणाल्या.

कंपाउंडच्या मागच्या अंगाला मी तोवर कधी गेलेच नव्हते. आमच्या बाजूने तिथे बाग आहे, बाक आहेत. पलीकडून तीच भिंत डोक्याच्याही वर जाते, कारण आमची सगळी इमारत भरावावर उभी आहे. मावशींनी हाताने उतार दाखवला. भाताची खाचरं पायऱ्यांसारखी उतरत जातात. वरचं भरलं की बांधाला ठेवलेल्या तोंडातून पाणी खालच्यात, तिथून त्याच्या खालच्यात. कुणी किती पाणी अडवायचं, कधी सोडायचं, हे शेजाऱ्या-शेजाऱ्यांत ठरलेलं. आमची सोसायटी उभी आहे ते वरचं खाचर होतं. ते त्यांच्या चुलतदिरांचं. सातबारावर भावांची, बहिणींची, त्यांच्या मुलांची नावं. एकाला लग्नासाठी पैसे हवे होते, दुसऱ्याला दवाखान्यासाठी.

भिंत झाली आणि बांधाचं तोंड बुजलं. एका कोपऱ्यात मात्र आमच्या पार्किंगचं पाणी बाहेर काढणारा जाड पाइप होता. मी पाहिलं तेव्हा तो धो धो वाहत होता. त्याखालचा बांध फुटला होता आणि खाचरात मुरूम आणि सिमेंटची खर साचली होती. मावशींनी वाकून हात घातला, तर बोटं दोन पेरंसुद्धा आत जाईनात. दुसऱ्या टोकाला, भर जुलैत, चिखलणीपुरतंही पाणी नव्हतं. लागोपाठ दोन वर्षं त्यांचं रोप एका बाजूला गाडलं गेलं आणि दुसऱ्या बाजूला वाळलं.

"आमी कुठं इकलं ताई? वरचं गेलं तवाच खालचं गेलं," त्या म्हणाल्या.

मी तिथे चिखलात उभी होते आणि वर माझ्याच स्वयंपाकघराची खिडकी दिसत होती. त्या खिडकीत उभं राहून मी किती जणांना नावं ठेवली होती! माझ्या सुखसोयीचं पाणी यांच्या शेतात शिरत होतं, आणि शेत सुटलं म्हणून उधळे ठरवत होते मी त्यांनाच. बऊरच्या रस्त्यावर उतरलेली माणसं मला त्या दिवशी समजली. पाणी वरून कापलं की खाली काय होतं, हे त्यांना हातापायांनी ठाऊक होतं.

पैसा उडवणारे मावळात नाहीत असं मी म्हणत नाही. आहेत, आणि त्यांची घरं बसलेलीही मी पाहिली आहेत. पण पिढ्यान्‌पिढ्या रोकड न पाहिलेल्या घरात एकरकमी पैसा आला तर तो कसा सांभाळायचा, हे शिकवायला कुणी गेलं होतं का? घ्यायला मात्र सगळे गेले. मीही.

सोसायटीच्या सभेत मी विषय काढला. भिंतीला खालून मोऱ्या ठेवाव्यात, पाइपाचं पाणी ओढ्यापर्यंत गटाराने न्यावं. साप येतील, खर्च येईल, जमीन तर विकलीच आहे ना, अशी उत्तरं आली. मावशींच्या खाली अजून दोघांची खाचरं आहेत, त्यांनी अजून विकलेली नाहीत, हे मी सांगितलं. गटाराचा खर्च मंजूर झाला. मोऱ्यांचा विषय अजून अडलेला आहे आणि मी तो दर सभेत काढते.

तळेगाव, वडगाव, कामशेत, लोणावळा, इकडे कुठेही घर पाहायला येणार असाल तर सॅम्पल फ्लॅट पाहून परत जाऊ नका. जुलैत या, कंपाउंडच्या मागच्या बाजूला जा, आणि खालच्या खाचरात जो कुणी असेल त्याला विचारा, तुमच्याकडे पाणी कुठून यायचं आणि आता कुठून येतं. मग बुकिंगचा चेक लिहा.